आंब्याखालचा वाफा

आमच्या मळ्यात फुलांना तोटा नव्हता, पण ती फुलं आमची नव्हती. शेवंती, झेंडू, निशिगंध, सगळं ओल्या फडक्याखाली पाटीत बसून बारामतीच्या मंडईत जायचं, आणि खुडताना ज्याचा देठ मोडला ते घरातल्या बाईच्या केसात. जळोचीला तेव्हा पाटाच्या कडेनं सगळे मळेच होते. तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकच शिस्त होती. मळेकऱ्यानं वीतभर जमीन रिकामी ठेवायची नाही. बांधावर घेवडा, पाटाच्या कडेला आळू, दोन सरींच्या मध्ये कोथिंबीर. पाहुणा आला आणि जरा जास्त वेळ एका जागी उभा राहिला तर तात्या त्याच्या पायाखालीही मेथी पेरतील, असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर आमचं घर सांभाळायला आली ती कायमचीच.

तात्यांच्या तावडीतून एवढी एकच जागा सुटली होती, घरामागच्या आंब्याखालची. दाट सावली, दिवसभरात ऊन असं पडायचंच नाही. तिथं अक्काचा वाफा होता. खाटेएवढा, कडेनं विटांचे तुकडे लावलेला. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी दीड वर्षाची असताना आई गेली, त्यामुळे आई म्हणून मला जे काही आठवतं ते सगळं अक्काचंच आहे. तिच्या हाताला येणारा लसणाचा वास, वेणी घालताना केस ओढण्याची तिची दांडगाई, पहाटे ती भाकरी थापायची तो आवाज. मोटरचा आवाज, पाटाला पाणी सुटल्याची कुजबुज आणि तिची थापटी, या तिन्हींमुळे मला जाग यायची. मेथीचा गरगट्टा, कडक भाकरी आणि वर शेंगदाण्याची चटणी. मी जेवताना बडबड करायची आणि ती माझ्या ताटातली भाकरी मोडून कुस्करून ठेवायची, कारण मी बोलण्याच्या नादात उपाशीच उठायची.

त्या वाफ्यात चैत्रात भुईचाफा फुलायचा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगणं अवघड आहे. झाड नाही, पान नाही, फांदी नाही. उघड्या मातीतून सरळ फूल वर येतं. पांढऱ्या पाकळ्या, त्यांत जांभळा रंग सांडल्यासारखा, आणि वास असा की न्हाणीघरापर्यंत यायचा. सकाळी उमलतं, दुपार कलली की मातीवर मान टाकतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी दुसरं. माळेत ओवता येत नाही, पाटीत टिकत नाही, डोक्यात माळावं तर घटकाभरात मलूल होतं. मंडईच्या दृष्टीनं याच्याइतकं निरुपयोगी फूल नाही, आणि मला वाटतं, अक्काला ते आवडायचं त्याचं निम्मं कारण हेच होतं. घरात एक गोष्ट तरी अशी होती की जिला कुणी पाटीत भरणार नव्हतं. त्याला बघायचं तर खाली बसावं लागतं. अक्का रोज सकाळी भांडी घासून झाली की दोन मिनिटं तिथं उकिडवी बसायची. मीही तिच्या पाठीला टेकून बसायची.

"आईनं माहेरासनं आणलं हाय ह्ये," अक्का सांगायची. आईचं माहेर घाटाकडचं, भोरच्या पलीकडं. "पदरात बांधून आणलं. तात्या म्हणलं, हितं काय हुणार न्हाय. आई म्हणली, बगू."

आणलं म्हणजे नेमकं काय आणलं, हे मी कधी विचारलं नाही. या वाफ्याची गंमत अशी की त्यात फूल आणि पान एकमेकांना कधी भेटत नाहीत. फुलं चैत्रात येऊन वैशाखाबरोबर संपतात. मग मृगानंतर केव्हातरी तिथं रुंद, हिरवी पानं वर येतात, पावसाळाभर माजतात आणि थंडीत वाळून जमिनीला चिकटतात. मी त्या पानांना हळद समजत होते. दिसायला तशीच होती, आणि आमच्या बांधावर घरापुरती हळद असायचीच. पान उलटं करून बघितलं असतं तर खालचा जांभळा रंग दिसला असता, पण मी कशाला उलटं करते. आणि फुलं? फुलं मला वाटायचं आपोआप येतात. खरं सांगायचं तर, फुलं आई पाठवते असं वाटायचं. अकरा-बारा वर्षांच्या, चौथीत पहिल्या आलेल्या मुलीनं असं समजावं हे आज हसण्यासारखं आहे. मी पुढं तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि बटाटा हे खोड की मूळ, यावर पोरांना ताटकळत उभं केलं. तेव्हा मनात कायम हेच यायचं.

अक्काचं लग्न ठरलं डाळजच्या घरात. इंदापूरच्या वाटेवरचं, भिगवणच्या जरा पुढचं गाव. मुलगा बरा होता, जमीन बागायती होती, नाही म्हणायला जागा नव्हती. तिला कुणी विचारलंही नाही आणि तिनं कुणाला काही सांगितलंही नाही. मी मात्र घरभर रुसून फिरत होते. लग्नाच्या आधी पंधरा दिवस घरात एकच विषय होता, हळद. आमच्याकडं नवरीला लागणारी हळद घरच्या मळ्यातली असायची. पाच सवाष्णींनी ती उखळात फोडायची, जात्यावर दळायची, तिचा मान मोठा. त्या वर्षी बांधावरच्या हळदीत पाटाचं पाणी साचून गड्डे सगळे सडले होते. आत्या उठता-बसता तेच काढायची.

"पोरीला आई न्हाय, आन आता हळदबी इकतची," ती म्हणायची. "मळेकऱ्याच्या घरातनं इकतच्या हळदीवर पोरगी जाती. लोक काय म्हणतील?"

"लोकांला पिवळं दिसलं म्हंजी झालं," तात्या म्हणायचे. पण त्यांनाही लागलं होतं. अक्कानं एकदा तवा जरा जोरात आपटला.

लग्नाच्या सहा दिवस आधी तात्या, आत्या आणि अक्का बस्ता बांधायला बारामतीला गेले. मला घरी ठेवलं. मी रागात मागच्या दाराशी बसले होते आणि समोर आंब्याखाली ती वाळलेली पानं होती. मला वाटलं, ही काय, आहे की घरची हळद. सडली ती बांधावरची. सावलीतली तर जशीच्या तशी आहे, आणि कुणाला आठवलीसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की मी उठून नाचले. अक्काला तिच्याच वाफ्यातली हळद लागणार, आणि ती मी काढलेली असणार. संध्याकाळी सगळे येतील तेव्हा शिजवून अंगणात वाळत घातलेली असेल. आत्याचं तोंड कसं होईल ते मी चार वेळा मनात बघून घेतलं.

खुरपं घेऊन बसले. हळद काढायची रीत मला चांगली येत होती. पानं बाजूला सारायची, कडेनं माती मोकळी करायची, गड्डा उचलायचा आणि मग बोटांनी माती चाळून राहिलेली बोटंही वेचायची. मी सगळी माती चाळली. गड्डे लहान होते, फिकट होते, मुळांना मण्यांसारख्या गाठी लोंबत होत्या. हळदीला तशा गाठी एवढ्या नसतात. धुताना हात पिवळे व्हायला पाहिजे होते, ते झाले नाहीत. हे सगळं मला दिसलं. मी आंधळी नव्हते. सावलीतली आहे, रंग कमी धरला असेल, असं मी स्वतःलाच सांगितलं, आणि ते स्वतःला पटवायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. या एका गोष्टीबद्दल मी स्वतःला अजून सोडलेलं नाही. चूक झाली ती लहान होते म्हणून झाली, पण डोळ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं ते लहानपण नव्हतं.

हळदीची कढई तीन दगडांवर चढवली, पाणी घातलं, वर ओलं पोतं झाकलं. वास वेगळाच येऊ लागला, कापरासारखा, औषधाच्या बाटलीसारखा. हळद शिजली की नाही हे बघायला काडी टोचतात, तशी टोचली. काडी आरपार गेली. एक गड्डा मोडला तर आत पांढरा. मला वाटलं, अजून शिजायचाय. आणखी लाकूड सारलं. पुन्हा मोडला, पांढराच. पिवळा होईल, पिवळा होईल म्हणून मी दुपारभर ते शिजवत बसले. शेवटी एक गड्डा हातात आला त्याच्या डोक्यावर नखाएवढा टोकदार कोंब होता, जांभळट. मी तो नखानं सोलला. आत घडी घातल्यासारखं एक फूल होतं. शिजून लिबलिबीत झालेलं, पण फूलच. पाकळ्या मोजता आल्या असत्या.

त्या वेळी काय वाटलं ते लिहायला मला अजूनही जमत नाही. रडू आलं नाही. हातपाय गार पडले, आणि पहिला विचार आला तो अक्काचा नाही, तर कुणी बघितलं तर नाही ना, हा. मी पाणी ओतून दिलं, गड्डे घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकले, वर राख आणि शेण पसरलं. वाफा हातानं सारखा केला, वाळली पानं पुन्हा होती तशी अंथरली, विटांचा एक तुकडा सरकला होता तो नीट लावला. कढई घासून उलटी ठेवली. संध्याकाळी सगळे आले तेव्हा मी पाटीवर गणितं करत होते. अक्कानं माझ्यासाठी बांगड्या आणल्या होत्या, लाल. त्या घालताना तिनं माझे हात हातात धरले आणि म्हणाली, "हात का गं एवढं गार?" मी म्हटलं, पाण्यात होते.

हळद विकतचीच लागली. आमच्यात एकदा हळद लागली की नवरीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नसतं. त्या संध्याकाळी बायका जेवायला बसल्या होत्या तेव्हा अक्कानं मला आतल्या खोलीत बोलावलं. अंगभर पिवळी, कपाळाला मुंडावळ्या, आणि डोळे मात्र रोजचेच.

"सुमे, एक काम हाय," ती म्हणाली. "मला आता भाईर जाता येत न्हाय. आंब्याखाली आईच्या भुईचाफ्याचं कंद हायती. तेवढं काढून, फडक्यात बांधून दे. डाळजला न्यायचं हायती मला. दुसरं कायबी नगं हितलं."

मी मान खाली घालून उभी.

"काढशील नव्हं?" तिनं माझी हनुवटी धरून वर केली. बराच वेळ बघत राहिली. "का, काय बोलायचं हाय तुला?"

"न्हाय," मी म्हटलं. "काढते."

मी आंब्याकडं गेलेच नाही. शेजारच्या मळ्यात त्यांनी त्याच दिवशी हळद काढून ढीग लावला होता, तिथून पंधरा-वीस बोटं ओच्यात घेतली, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता त्यात बांधली आणि वर दोऱ्याचे सात वेढे दिले, म्हणजे लगेच सुटायला नको. अक्कानं गाठोडं हातात घेतलं, तळहातावर जरा तोललं. सोडून बघितलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि ट्रंकेत साड्यांच्या मध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्या चैत्रात गावच्या यात्रेसाठी तिला आणायला तात्यांबरोबर मी डाळजला गेले. तिनं घरामागं लिंबाच्या सावलीत वाफा केला होता, कडेनं बाभळीच्या काट्या लावून, शेळ्यांनी तुडवू नये म्हणून. माती ओली होती. वर काही नव्हतं.

"रोज मातीलाच पानी घालती," तिची सासू हसत तात्यांना म्हणाली. "काय उगवायचं हाय, देवाला म्हाईत."

"जागा बदलली की पयल्या साली रुसतं," अक्का म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "व्हय का न्हाय, सुमे?"

"व्हय," मी म्हटलं, आणि पाणी प्यायला घरात गेले.

पावसाळ्यात तिथं हळदीची पानं आली असणार. मला वाटलं होतं, आता ओरडत येईल, निरोप धाडेल, तात्यांना सांगेल. काहीच आलं नाही. मग मी ठरवून टाकलं की तिला कळलंच नाही. माणसाला सोयीचं ते फार लवकर पटतं. पुढची चार-पाच वर्षं ती यात्रेला येत राहिली. आली की शेवटच्या दिवशी दुपारी मला आंब्याखाली घेऊन बसायची, माझी वेणी सोडायची, तेल घालायची आणि गप्प राहायची. तेल जिरेपर्यंत, केस विंचरून होईपर्यंत, पुन्हा सोडून पुन्हा घालेपर्यंत गप्प. काहीतरी निमित्त काढून मी उठायची, कधी अभ्यास, कधी शेरडू सुटलंय. आमचा वाफा तात्यांनी एका उन्हाळ्यात खणून त्यात आलं लावलं. पुढच्या यात्रेला आली तेव्हा अक्कानं ते बघितलं.

मग तिचं येणं कमी झालं. पोरं, ऊस, सासूचं आजारपण, कारणं सगळी खरीच होती. मी शिकले, नोकरीला लागले, माझं लग्न झालं. लग्नात ती पाहुणीसारखी आली आणि पाहुणीसारखी गेली. फोन आले तेव्हा फोनवर बोलायचो. तब्येत, पाऊस, पोरांचे मार्क. ज्या बहिणीनं मला भाकरी कुस्करून भरवली तिच्याशी मी मार्कांवर बोलत होते. सगळ्याच बहिणींचं असं होतं, संसारात पडलं की होतं, असं मी लोकांना सांगायची. आता जळोचीत आमच्या मळ्यावर बंगले आहेत आणि आंबा होता तिथं कुणाच्या तरी गाड्या उभ्या असतात. एका नर्सरीत भुईचाफा काळ्या पिशवीत, चिठ्ठी लावून मिळतो. मी दोनदा हातात घेऊन परत ठेवला.

गेल्या थंडीत अक्काला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी तिच्या मुलाला सांगितलं होतं. तो गाडीचं बघायला खाली गेला होता. मी मोसंबी सोलत होते. अक्का शुद्धीवर होती, पडल्या पडल्या माझ्या पांढऱ्या केसांकडं बघत होती. आणि मला एकदम कळलं की आता गप्प बसले तर कायमचीच गप्प बसेन. मी सांगितलं. कढई, पोतं, पांढरे गड्डे, शेजारची हळद, सगळं, मोसंबी हातात धरून, मान वर न करता.

"मला म्हाईत हाय," अक्का म्हणाली.

मी वर बघितलं.

"हळद लागायच्या आदल्या दिशी शेण टाकाय गेल्ते. उकिरड्यावर दिसलं. शिजल्यालं." ती दमली, थांबली. "म्हणून तर तुला काढाय लावलं. म्हणलं, आता सांगंल. तू फडकं बांधून आणलंस."

"मग बोलली का न्हाईस, अक्का?"

"मी काय बोलायचं? तू सांगायचं हुतं." आवाजात राग नव्हता, आणि असता तर मला सोपं गेलं असतं. "डाळजला म्हणलं, हितं सांगंल. मग ह्या यात्रंला सांगंल, मग फुडल्या यात्रंला. तेल घालून घालून हात दुखायचं. तू उठून जायचीस. मग म्हणलं, तिला माझं भ्या वाटतं. माझं भ्या वाटायला मी तुजं काय केलं हुतं, सुमे?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी फुलांची चोरी लपवत होते, आणि ती सगळी वर्षं माझी वाट बघत बसली होती. फुलं तर पहिल्या दिवशीच गेली होती. त्यानंतर जे गेलं ते दर वर्षी थोडं थोडं मी घालवलं.

तिनं हात पुढं केला. मी धरला. खालून गाडी आल्याचा आवाज झाला, जिन्यावर तिच्या मुलाची पावलं वाजली. अक्का जरा कण्हली, कुशीवर वळायचा प्रयत्न केला, आणि मला म्हणाली, अगदी सहज, मळ्यातल्या कामाचं विचारावं तसं, "एकबी मागं न्हाय ऱ्हायला गं? एकादा तरी असंल की, कोपऱ्यात, मातीत."

तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. इतकी वर्षं माहीत असूनही, तात्यांनी तिथं आलं लावलेलं स्वतः बघूनही, तिनं तो एक कुठंतरी धरून ठेवला होता. राहिला होता म्हटलं असतं, एक राहिला होता आणि पुढं कैक वर्षं फुलला म्हटलं असतं, तर तिनं विश्वास ठेवला असता. मला ते वाक्य तोंडावर आलं होतं.

"न्हाय, अक्का," मी म्हटलं. "मी सगळं काढलं."

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. हात तिनं सोडला नाही, पण तो माझ्या हातात आता नुसता होता.